थडग्यावरची दोन नावं



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सिनेमा दाखवला. हे मी कृतज्ञतेनंच सांगतोय. आमच्या फिल्म सोसायटीत तेव्हा बर्गमन आणि सत्यजित राय पाहून लांब चेहऱ्यानं घरी जायची पद्धत होती. एका रविवारी सरांनी शबनममधून व्हिडिओ कॅसेट काढली आणि म्हणाले, "आज जरा टाकाऊ माल बघू." सिनेमाचं नाव 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. व्हीसीआरनं दोनदा टेप गिळली. सर पेन्सिल घालून ती गुंडाळत बसले आणि आम्ही तेवढ्यात चहा मारून आलो. सिनेमा सुरू झाला तसे आम्ही हसून लोळायला लागलो. उडत्या तबकड्या दोऱ्यावर लोंबकळत होत्या. एका शॉटमध्ये उजेड, तर त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या शॉटमध्ये मिट्ट काळोख. थडगी इतकी हलकी की माणूस अडखळला तर थडगंच हलायचं.

आणि मग त्या पुठ्ठ्याच्या स्मशानातून एक बाई चालत आली. काळा, अंगाला घट्ट बसलेला झगा. मुठीत मावेल अशी कंबर. दोन्ही हात पुढे, बोटं ताठ, नखं लांबलचक. ती बोलत नाही, किंचाळत नाही, फक्त चालते. आमचं हसू जरा ओसरलं. सर अंधारातून म्हणाले, "ही बाई चुकीच्या सिनेमात आलीय."

आजचं व्याख्यान त्या बाईवर आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला दोनदा फोन केला. पहिल्यांदा विषय नीट ऐकू आला का म्हणून आणि दुसऱ्यांदा विषय बदलता येईल का म्हणून. त्यांनी शेवटी होकार दिला, त्यांचे आभार.

तिचं नाव माइला नुर्मी. मैला नव्हे, माइला. निमंत्रणपत्रिकेच्या प्रुफात 'मैला' छापून आलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो. जन्म 11 डिसेंबर 1922. वडील फिनलंडहून अमेरिकेत आलेले, वृत्तपत्रात काम करणारे आणि दारूबंदीवर व्याख्यानं देत फिरणारे. आडनाव सिर्यानिएमी. ही मुलगी जन्मली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात. पण ती आयुष्यभर सांगत राहिली की आपण आर्क्टिक वृत्तापलीकडच्या पेत्सामोत, तेव्हाच्या फिनलंडमध्ये जन्मलो. नुर्मी हे आडनावही तिनं स्वतःच उचललं, पावो नुर्मी या फिनलंडच्या धावपटूवरून. ऑलिम्पिकमध्ये नऊ सुवर्णपदकं मिळवलेला माणूस. आपण त्याची पुतणी, असंही ती ठोकून द्यायची. एकूण काय, पडद्यावर यायच्या आधीच तिची पहिली भूमिका ठरलेली होती, माइला नुर्मीची.

ओरेगॉनमधलं अस्टोरिया हे फिन लोकांची मोठी वस्ती असलेलं गाव. तिथे ती शाळा संपेपर्यंत होती. त्यानंतर न्यूयॉर्क गाठलं. 1944 मध्ये 'स्पूक स्कँडल्स' नावाच्या मध्यरात्रीच्या भुताटकी प्रयोगात दिसली. तिथून हॉलिवूडला बोलावणं आलं, करार झाला आणि सिनेमा न मिळताच करार संपला. मग बिनपगारी आशेवर जगणाऱ्या मुली जे करतात ते सगळं तिनं केलं. छायाचित्रकारांसमोर उभी राहिली, चित्रकारांसाठी बसली, क्लबात येणाऱ्यांच्या टोप्या आणि कोट सांभाळले. लग्न झालं डीन रिझनर या पटकथालेखकाशी. हा गृहस्थ लहानपणी चॅप्लिनच्या 'द पिलग्रिम'मध्ये व्रात्य पोरगा म्हणून झळकला होता आणि पुढे 'डर्टी हॅरी'च्या पटकथेत त्याचा हात होता.

1953 मध्ये लॉस अँजेलिसमधले नर्तक लेस्टर हॉर्टन यांच्या वेषभूषा-मेळाव्यात माइला गेली. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात चार्ल्स अॅडम्स यांच्या व्यंगचित्रांतून एक भुताळ कुटुंब यायचं. त्यातली लांब काळ्या झग्यातली निर्विकार गृहिणी तेव्हा बिननावाची होती. मॉर्टिशिया हे नाव तिला खूप पुढे मिळालं. माइला ती गृहिणी होऊन गेली. छाती आवळून सपाट केली, अंगाला फिकट जांभळट रंग फासला. बक्षीस मिळालं. तिथे हंट स्ट्रॉमबर्ग ज्युनियर हा दूरचित्रवाणीचा निर्माता होता. त्याला ही बाई हवी होती, पण नाव ठाऊक नाही. काही महिने शोधाशोध चालली. शेवटी रुडी गर्नराइख या कपड्यांच्या डिझायनरनं नंबर दिला.

आता इथे माझं सगळं व्याख्यान ज्यावर उभं आहे ती गोष्ट येते. काम मिळाल्यावर माइलानं व्यंगचित्रातली बाई जशीच्या तशी पडद्यावर नेली नाही. दुसऱ्याची कल्पना पळवल्यासारखं होईल म्हणून तिनं ती मुद्दाम बदलली. सपाट छातीच्या जागी खोल गळा आला, कंबर आवळली गेली, नखं वाढली, भुवया कमानीसारख्या उंच चढल्या. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी घेतली, 'टेरी अँड द पायरेट्स' या चित्रमालिकेतली ड्रॅगन लेडी घेतली, आडबाजूच्या शृंगारिक मासिकांतली आकृती घेतली आणि यातल्या एकीसारखीही न दिसणारी चौथीच बाई घडवली. नाव सुचवलं नवऱ्यानं: व्हॅम्पिरा.

ती कंबर. 17 इंच असं त्या वेळी छापून यायचं. ती कशी झाली याची कृती माइला स्वतः मुलाखतींत सांगायची. पपईची पूड पोटाला लावायची आणि वरून टायरच्या ट्यूबचं रबर करकचून बांधायचं. आपल्याकडे जून मटण शिजत नसेल तर कच्च्या पपईचा तुकडा चोळतात, हे समोर बसलेल्या भगिनींना ठाऊक आहे. ही बाई तीच युक्ती जिवंतपणी स्वतःवर करत होती. खरं-खोटं तिचं तिला माहीत. पण सांगण्यातली ऐट बघा. आपलंच शरीर हा कच्चा माल आहे, हे ती लाजत सांगत नाही, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं सांगते.

'द व्हॅम्पिरा शो' लॉस अँजेलिसच्या केएबीसी केंद्राच्या सातव्या वाहिनीवर 1 मे 1954 पासून शनिवारी रात्री सुरू झाला. काम म्हटलं तर किरकोळ होतं. मोठे स्टुडिओ तेव्हा आपले चांगले चित्रपट टीव्हीला देत नसत, कारण टीव्ही हा त्यांचा शत्रू. मग केंद्रांच्या हाती लागायचा तो स्वस्तातला, विसरलेला, तुटक्या प्रिंटांचा माल. तो रात्री उशिरा दाखवायचा तर प्रेक्षकाला जागं कुणी ठेवायचं? म्हणून मध्ये एक माणूस बसवायचा. कोरड्या बर्फाच्या धुक्यातून ती लांब बोळातून चालत यायची, कॅमेऱ्याजवळ यायची, फुप्फुसं फुटतील अशी किंकाळी फोडायची आणि मग, आंघोळ करून आल्यासारख्या शांत चेहऱ्यानं, आपल्याला किती मोकळं वाटलं ते सांगायची. नंतर जुन्या घाटाच्या कोचावर आडवी पडून गप्पा. रोलो नावाच्या कोळ्याची चौकशी. विषारी कॉकटेलची कृती. स्वाक्षरी मागणाऱ्याला ती म्हणे, मी स्वाक्षऱ्या देत नाही, समाधिलेख देते.

म्हणजे कला होती ती बोलण्याची. तमाशातल्या बतावणीत जसा शब्दाला शब्द लागून ठिणगी पडते, तशी. हे मी ठासून सांगतो, कारण जगाला ठाऊक असलेली व्हॅम्पिरा मुकी आहे.

'लाइफ' मासिकानं तिच्यावर छायाचित्रांसह मजकूर छापला. लॉस अँजेलिसच्या एमी पुरस्कारांत नामांकन मिळालं. जुन्या उघड्या पॅकार्ड गाडीत, काळी छत्री धरून, शोफर घेऊन ती शहरात फिरायची. कार्यक्रम दिसायचा एका शहरापुरता, गाजावाजा देशभर. आणि एप्रिल 1955 मध्ये तो बंद पडला. वाहिनीला या पात्राचे हक्क हवे होते. एकदा हक्क हाती आले की इतर शहरांत इतर बायका व्हॅम्पिरा म्हणून उभ्या करता आल्या असत्या. माइलानं विकायला नकार दिला. पात्र माझं आहे, म्हणाली. हक्क राहिले, काम गेलं. 1956 मध्ये दुसऱ्या एका स्थानिक वाहिनीवर ती काही काळ आली, पण पहिलं वारं पुन्हा भरलं नाही. त्यानंतर वर्षभरातच युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचं 52 चित्रपटांचं गाठोडं टीव्ही केंद्रांना विकायला आलं आणि शहराशहरांत भुताचा वेष केलेले सूत्रधार उगवले. पेरणी हिची होती. सुगी दुसऱ्यांची.

आणखी एक नुकसान झालं, ते त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. ध्वनिचित्रफीत हा प्रकार अजून यायचा होता. पडद्यासमोर कॅमेरा लावून घेतलेले काही थोडके तुकडे उरले, बाकी सगळे शनिवार हवेत विरले.

याच सुमारास जेम्स डीनशी तिची दोस्ती होती. सनसेट बुलेव्हार्डवरच्या गूगीज कॉफी शॉपमध्ये रात्र-रात्र अड्डा चालायचा. 30 सप्टेंबर 1955 ला डीन मोटार अपघातात गेला आणि गॉसिप मासिकांनी लिहिलं, व्हॅम्पिरानं करणी केली. तिच्या प्रसिद्धीसाठी काढलेलं उघड्या कबरीशेजारचं छायाचित्र पुरावा म्हणून पुढे आलं. गावात कुणाचं पोर दगावलं की एकट्या राहणाऱ्या बाईकडे बोट दाखवण्याची रीत आपल्याला नवी नाही. फक्त इथे तसं बोट दाखवणारे रंगीत मुखपृष्ठाची मासिकं विकत होते.

1956 च्या नोव्हेंबरात एड वूड हा दिग्दर्शक 'प्लॅन नाइन' करत होता. त्याची कथा इतकी अफाट आहे की तीच सांगत बसलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील. बेला लुगोसी, म्हणजे पडद्यावरचा मूळ ड्रॅक्युला, ऑगस्टमध्ये वारला होता. वूडकडे त्याचं थोडंसं चित्रण पडून होतं. उरलेल्या सिनेमात लुगोसीच्या जागी वूडच्या बायकोचा हाडवैद्य तोंडावर अंगरखा धरून फिरतो. पैसे एका चर्चशी संबंधित मंडळींचे होते, म्हणून काही कलावंतांनी बाप्तिस्मा घेतला. माइलाला मिळाले 200 डॉलर. तिनं संवाद वाचले आणि म्हणाली, मी यात बोलणार नाही. वूड कबूल झाला. म्हणून ती मुकी आहे.

मला हा नकार तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिनय-निर्णय वाटतो. त्या सिनेमात जो बोलला तो हास्यास्पद झाला. ही बोलली नाही, म्हणून वाचली. पण किंमत अशी पडली की शिल्लक राहिलेली व्हॅम्पिरा तिच्या मुख्य हत्याराशिवायची आहे. शब्दांवर जगलेल्या बाईचं चलनात राहिलेलं एकमेव चित्र मुकं निघालं. 1980 मध्ये मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकानं 'प्लॅन नाइन'ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं, तेव्हा तो अमर झाला आणि त्याच्या काखोटीला ही मुकी बाईही.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती तिनंही भराभर सांगितलेली आहेत. तीन-चार चित्रपटांत किरकोळ कामं. 1962 च्या 'द मॅजिक सोर्ड'मध्ये तर चेटकीण. मग घरांच्या जमिनींवर लिनोलियम बसवण्याचं काम केलं, लोकांची घरं झाडली-पुसली. मेलरोज अॅव्हेन्यूवर 'व्हॅम्पिराज अॅटिक' नावाचं जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं, हातानं दागिने आणि कपडे केले. लिनोलियमबद्दल ती कुरकुरताना दिसत नाही. काम ते काम.

कुरकुर एकाच गोष्टीबद्दल होती. 1981 मध्ये एका स्थानिक वाहिनीनं व्हॅम्पिराचा कार्यक्रम पुन्हा काढायचं ठरवलं, तिच्याशी बोलणी झाली. नवी व्हॅम्पिरा कोण यावर बिनसलं आणि ती बाहेर पडली. वाहिनीनं कॅसान्ड्रा पीटरसन या अभिनेत्रीला घेतलं आणि पात्राचं नाव ठेवलं एल्व्हिरा. काळा झगा, खोल गळा, काळे केस, कोच, टुकार भयपट आणि टोमणे. एल्व्हिरा देशभर पोचली, तिच्या बाहुल्या निघाल्या, बिअरच्या जाहिराती झाल्या. माइलानं दावा लावला. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयानं निकाल दिला: कायद्यातली 'प्रतिमा' म्हणजे त्या व्यक्तीचं प्रत्यक्ष रूप. नुसतं जवळपास तसं दिसणं त्यात बसत नाही. माइला हरली.

हा निकाल अन्यायाचा होता असं म्हणायचा मोह होतो. तिच्या चाहत्यांनी तो कधीच आवरला नाही. मला तेवढं सोपं वाटत नाही. पीटरसनची एल्व्हिरा वेगळी आहे. तिची भाषा कॅलिफोर्नियातल्या उनाड कॉलेजकन्येची, चेहऱ्यावर सतत मिश्कीलपणा. व्हॅम्पिरा थंड होती, राणीसारखी. आणि मुख्य म्हणजे, 'मी व्यंगचित्रातली बाई घेतली पण बदलली, म्हणून ती माझी' हा माइलाचाच नियम होता. न्यायालयानं तोच नियम तिच्याविरुद्ध वापरला, इतकंच. तरी एक टोचणी राहतेच. गायिका बेट मिडलरनं फोर्ड कंपनीच्या जाहिरातीवर दावा लावला होता. जाहिरातीत तिच्या आवाजाची नक्कल करणारी दुसरी बाई गात होती. 1988 मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की ख्यातनाम गायिकेचा वेगळा आवाज असा उचलता येणार नाही. पुढे 1992 मध्ये व्हॅना व्हाइट या टीव्हीवरच्या बाईची आठवण देणारा, विग घातलेला यंत्रमानव जाहिरातीत उभा केला म्हणून सॅमसंगविरुद्धचा तिचा दावा त्याच न्यायालयानं चालण्याजोगा ठरवला. यंत्राला विग घातला तरी बाईची ओळख चोरली जाऊ शकते! या दोन निकालांच्या मधल्या वर्षी माइला उभी होती, आणि तिचा तेव्हाचा आवाज तर कुणाकडे फारसा साठवलेलाच नव्हता. मी वकील नाही. सरांचे एक वकील मित्र समोर बसलेत, ते चहाच्या वेळी मला दुरुस्त करतीलच.

न्यायालयानं जे दिलं नाही ते पोरांनी दिलं. द डॅम्ड आणि मिसफिट्स या पंक बँडांनी तिच्यावर गाणी केली. ऐंशीच्या दशकात ती स्वतः एका बँडबरोबर ध्वनिमुद्रण करून आली, साठी ओलांडलेली बाई. 1994 मध्ये टिम बर्टनचा 'एड वूड' आला. त्यात लिसा मेरीनं तिची भूमिका केली. मार्टिन लँडाऊला लुगोसी साकारल्याबद्दल ऑस्कर मिळालं. माइला हॉलिवूडमध्ये लहानशा घरात राहत होती, व्हॅम्पिराची चित्रं स्वतः काढून विकत होती. स्वतःच्या निर्मितीवरची तिची मालकी शेवटी एवढीच उरली होती, कागद, रंग आणि खाली सही.

10 जानेवारी 2008 ला ती घरीच गेली. वय 85.

तिला पुरलं ते हॉलिवूड फॉरेव्हर या दफनभूमीत. ही जागा 1899 पासूनची, पत्ता 6000 सांता मोनिका बुलेव्हार्ड. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे पॅरामाउंट स्टुडिओ आहे, तोही एकेकाळच्या दफनभूमीच्याच जमिनीवर. म्हणजे मेलेल्यांच्या वाट्याची जमीन सिनेमानं घेतली आणि सिनेमावाले मेल्यावर उरलेल्या जमिनीत आले. व्हॅलेंटिनो इथे आहे, डग्लस फेअरबँक्स, सेसिल बी. डिमिल इथे आहेत. या जागेला काळा इतिहासही आहे. 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळवणारी हॅटी मॅकडॅनियल, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, तिची शेवटची इच्छा इथे पुरलं जाण्याची होती. 1952 मध्ये ती कृष्णवर्णीय म्हणून नाकारली गेली. 1999 मध्ये तिच्या नावाचा दगड इथे बसवला. खाली ती नाही. आधीच्या मालकाच्या कारभारात जागा दिवाळखोरीला लागली आणि 1998 मध्ये अख्खी दफनभूमी 375000 डॉलरला विकली गेली. मुंबईत त्या भावात तेव्हा बरा फ्लॅट मिळाला असता. नव्या मालकांनी ती नीट केली. आता उन्हाळ्यात तिथे हिरवळीवर सतरंज्या टाकून लोक रात्री सिनेमे पाहतात, पडदा म्हणून थडग्यांच्या इमारतीची पांढरी भिंत असते.

यावर नाकं मुरडणारे आहेत. मला मात्र जुहूची आठवण होते. मधुबाला तिथल्या कब्रस्तानात होती. 2010 मध्ये जागा अपुरी पडते म्हणून तिची कबर पाडली, मोहम्मद रफींचीही. मुंबईत मेलेल्यांनाही जागेची टंचाई, त्याला कोण काय करणार. पण ज्या चेहऱ्यासाठी लोकांनी तिकिटं काळ्या बाजारात घेतली, त्या चेहऱ्याचा ठावठिकाणा विचारला तर आता बोट दाखवायला दगड नाही.

माइलाचा दगड आहे. जमिनीलगत बसवलेला, त्यावर व्हॅम्पिराची आकृती कोरलेली. नावं दोन आहेत, माइला नुर्मी आणि व्हॅम्पिरा. तिसरं नाव, ग्लॉस्टरच्या जन्मनोंदीतलं सिर्यानिएमी, ते नाही. आणि जी आकृती न्यायालयात तिची ठरली नाही, ती इथे तिच्याच उराशी आहे. त्याच दफनभूमीत फे रे आहे, 'किंग काँग'मध्ये माकडाच्या मुठीत किंचाळणारी. शेजार चांगला जमला म्हणायचा. एकीची किंकाळी भीतीची, दुसरीची निवांतपणाची. आणि 'रमोन्स' या पंक बँडचा जॉनी रमोन गिटार घेऊन ब्राँझमध्ये तिथेच उभा आहे, व्हॅम्पिरावर जीव टाकणाऱ्या पिढीचा प्रतिनिधी म्हणून.

आता नकाशातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. 'प्लॅन नाइन'चं ते पुठ्ठ्याचं स्मशान जिथे उभारलं होतं, तो क्वालिटी स्टुडिओही सांता मोनिका बुलेव्हार्डवरच होता, छप्पन्नशेच्या क्रमांकात, एका दारूच्या गुत्त्याला लागून. हॉलिवूड फॉरेव्हरच्या फाटकापासून एखाद किलोमीटर पूर्वेला. खोटं स्मशान आणि खरं स्मशान एकाच रस्त्यावर. माइलाकडे तेव्हा पॅकार्ड नव्हती, शोफर तर नव्हताच. चित्रीकरणाला ती घरूनच रंगून, झगा घालून, सिटी बसनं जायची, असं ती सांगत असे. नोव्हेंबरातली बस, हातात सुटे पैसे, ती लांब नखं सांभाळत दांडा धरलेली, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस वर्तमानपत्रातून मान वर करून आधी तिच्याकडे आणि मग खिडकीबाहेर बघणारा.